एक्यू प्रश्नावली जेंडर क्लिनिकमध्ये: एकूण गुणांवर थांबू नका, विधानं वाचा

ऑटिझम स्पेक्ट्रम क्वोशंट, म्हणजेच एक्यू, ही पन्नास विधानांची प्रश्नावली केंब्रिजच्या ऑटिझम रिसर्च सेंटरमधून २००१ मध्ये आली. सायमन बॅरन-कोहेन आणि सहकाऱ्यांनी ती सर्वसाधारण बुद्धिमत्तेच्या प्रौढांसाठी बनवली. २०१२ मध्ये तिच्यातली दहा विधानं निवडून एक्यू-१० ही छोटी आवृत्ती तयार झाली. जेंडर डिस्फोरियासाठी (जन्मावेळी ठरवलेलं लिंग आणि स्वतःला जाणवणारं लिंग जुळत नसल्याने होणाऱ्या त्रासासाठी) मूल्यांकनाला आलेल्या माणसात ऑटिझमची लक्षणं आहेत का, हे पाहताना बहुधा या दोनपैकी एक कागद पहिल्यांदा पुढे ठेवला जातो. हे परीक्षण फक्त त्या वापराचं आहे.

आमचं मत आधीच सांगतो. प्रश्नावली मोफत आहे, भरायला सोपी आहे आणि बोलणं सुरू करून द्यायला उत्तम आहे. पण डिस्फोरिया असलेल्या व्यक्तीच्या बाबतीत तिचा एकूण आकडा एकटा वाचला तर तो दोन्ही बाजूंनी फसवतो. ऑटिझम नसलेल्याला ऑटिस्टिक ठरवतो आणि असलेल्याला सोडून देतो. दोन्ही चुका कुठून येतात हे विधानागणिक दाखवता येतं.

मुळात ही तपासणी का करायची, याला ठोस आधार आहे. ॲमस्टरडॅमच्या जेंडर क्लिनिकने २०१० मध्ये तिथे आलेल्या २०४ मुलं आणि किशोरवयीनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात नुसती प्रश्नावली नव्हती, सविस्तर निदान-मुलाखत होती, आणि ७.८ टक्के मुलांमध्ये ऑटिझमचं निदान झालं. २०२० मध्ये वरुण वॉरियर आणि सहकाऱ्यांनी पाच वेगवेगळ्या संचांतली मिळून ६,४१,८६० लोकांची माहिती तपासली. ट्रान्स आणि जेंडर-डायव्हर्स (स्त्री-पुरुष चौकटीत न बसणाऱ्या) लोकांत ऑटिझमची शक्यता इतरांच्या ३.०३ ते ६.३६ पट निघाली. एडीएचडीचं (लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं कठीण जाण्याचं) प्रमाणही त्यांच्यात जास्त होतं. त्यानंतर डिस्फोरिया असलेल्यांत ऑटिझम किती, याचा अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला अंदाज ११ टक्क्यांचा आहे. मुलांच्या जेंडर सेवांचा आढावा घेणाऱ्या इंग्लंडमधल्या कॅस अहवालाने एप्रिल २०२४ मध्ये अशी तपासणी किशोरवयीनांच्या नेहमीच्या मूल्यांकनात असावी, अशी शिफारस केली. हे आकडे प्रामुख्याने पाश्चात्त्य देशांतले आहेत, ते महाराष्ट्रातल्या ओपीडीला जसेच्या तसे लावू नयेत. पण दहात एखादी व्यक्ती अशी असू शकते, एवढं गृहीत धरून तयारी ठेवणं रास्त आहे.

आता प्रत्यक्ष कागद. प्रत्येक विधानाला चार उत्तरं असतात: पूर्ण सहमत, थोडं सहमत, थोडं असहमत, पूर्ण असहमत. गुण देताना ‘थोडं’ आणि ‘पूर्ण’ यांत फरक करत नाहीत, ऑटिझमच्या दिशेने गेलेल्या उत्तराला एक गुण. म्हणजे ० ते ५०. विधानं पाच गटांत विभागली आहेत, प्रत्येकी दहा: सामाजिक कौशल्य, लक्ष एका गोष्टीवरून दुसरीकडे वळवणं, बारकाव्यांकडे लक्ष, संवाद आणि कल्पनाशक्ती. मूळ अभ्यासात ऑटिस्टिक गटाची सरासरी ३५.८ होती आणि तुलनेच्या गटाची १६.४. ऑटिस्टिक गटातल्या सुमारे ८० टक्के लोकांना ३२ किंवा जास्त गुण होते, तुलनेच्या गटात फक्त २ टक्क्यांना. ३२ ही सीमारेषा तिथून आली. तज्ज्ञांकडे पाठवलेल्या लोकांसाठी २००५ मध्ये २६ ही रेषा सुचवली गेली. कोणती रेषा वापरली हे न लिहिता ‘एक्यू पॉझिटिव्ह’ असा शेरा मारलेला अहवाल निरुपयोगी आहे.

अडचण सुरू होते ती सामाजिक कौशल्याच्या गटापासून. अकरावं विधान लोकांत वावरणं सोपं जातं का याबद्दल, तेरावं पार्टीपेक्षा ग्रंथालय बरं वाटतं का याबद्दल, बाविसावं नवे मित्र जोडणं कठीण जातं का याबद्दल, चव्वेचाळिसावं समारंभांत मजा येते का याबद्दल, सत्तेचाळिसावं नव्या माणसांना भेटायला आवडतं का याबद्दल. आता मुलगी म्हणून वाढवलेला एखादा ट्रान्स पुरुष डोळ्यांसमोर आणा. हळदीकुंकू, डोहाळजेवण, चुलत बहिणीचं लग्न, सगळीकडे साडी, ‘आता तुझा नंबर’ आणि बायकांच्या घोळक्यात बसणं. तो हे सगळं टाळतो. या पाच विधानांवर त्याला सहज पाच गुण मिळतील, आणि त्यातल्या एकाचाही ऑटिझमशी संबंध नसेल. संवादाच्या गटात गप्पा मारायला आवडतात का आणि त्या जमतात का, अशी दोन विधानं आहेत, सतरावं आणि अडतिसावं. स्वतःचा आवाज ऐकला की अंगावर काटा येतो अशा ट्रान्स स्त्रीने त्यांवर ‘असहमत’ लिहिलं तर नवल नाही. शेहेचाळिसावं विधान नव्या परिस्थितीची धास्ती वाटते का, हे विचारतं. नव्या ऑफिसात कोणतं स्वच्छतागृह वापरायचं हा प्रश्न रोज पडणाऱ्याला ती वाटणारच. चाळिसावं विधान लहानपणी इतर मुलांबरोबर खोटं-खोटं खेळण्याबद्दल आहे. भातुकलीत आईच व्हायला लावलं म्हणून खेळ सोडणारं मूल आणि ‘आपण आई झालो’ ही कल्पनाच न उमगणारं मूल, दोघांनाही तिथे एकच गुण मिळतो.

मोजून पाहा. नऊ विधानं, म्हणजे निव्वळ डिस्फोरियामुळे नऊ गुणांपर्यंत वाढ होऊ शकते. ज्याचे अन्यथा १८ आले असते, तो २७ वर जाऊन २६ ची रेषा ओलांडतो. टर्बन आणि व्हॅन स्खाल्कविक या संशोधकांनी २०१८ मध्ये हाच आक्षेप घेतला होता: एकटेपणा आणि अल्पसंख्याक म्हणून येणारा ताण यामुळे अशा मोजपट्ट्यांवरचे गुण फुगत असतील. आमच्या मते हा आक्षेप ऑटिझम आणि डिस्फोरिया यांचा संबंधच नाकारायला पुरत नाही, कारण मुलाखतीने झालेल्या निदानांतही प्रमाण जास्त दिसतं. पण समोरच्या एका व्यक्तीचा कागद वाचताना तो शंभर टक्के लागू आहे.

म्हणून वाचण्याची पद्धत अशी ठेवा. एकूण बेरीज करा, पण तिच्याआधी पाच गटांचे गुण वेगळे मांडा. बारकाव्यांच्या गटावर (लहान आवाज ऐकू येणं, गाड्यांचे नंबर लक्षात येणं, तारखा आणि आकडे यांचं वेड) डिस्फोरियाचा परिणाम सगळ्यात कमी होतो. सामाजिक कौशल्याचे ८ आणि बारकाव्यांचे २ असा कागद आणि दोन्हीकडे ७ असा कागद हे वेगवेगळे आहेत, पाचही गटांची बेरीज जवळपास असली तरी. मग वरची नऊ विधानं घ्या आणि ज्या प्रत्येकावर गुण मिळाला असेल तिथे एकच प्रश्न विचारा: ‘तुमचं खरं नाव घेणाऱ्या, तुम्हाला ओळखणाऱ्या माणसांत असताना हेच उत्तर द्याल का?’ उत्तर बदललं तर तो गुण बाजूला ठेवा. ट्रान्स मित्रांच्या घरीसुद्धा चौघं एकदम बोलू लागली की डोकं बधिर होतं, कोणाच्या बोलण्याचा रोख कळत नाही, असं उत्तर आलं तर तो गुण पक्का. एवढ्याला पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि सगळ्या तपासणीतली तीच सगळ्यात कामाची मिनिटं असतात.

पुरुष-स्त्री सरासरीचाही पेच आहे. मूळ तुलनागटात पुरुषांची सरासरी १७.८ आणि स्त्रियांची १५.४ होती. ट्रान्स व्यक्तीची तुलना यांतल्या कोणाशी करायची, याला प्रश्नावलीकडे उत्तर नाही. तुलना करू नका. फरक अडीच गुणांचाही नाही, त्यावर निर्णय बदलत असेल तर निर्णयच कच्चा आहे.

एक्यू-१० बद्दल आमचं मत थोडं वेगळं आहे, आणि ते कदाचित अनपेक्षित वाटेल. या दहा विधानांत समारंभ, पार्टी, नव्या ओळखी यांतलं काहीच नाही. त्यात आहे ते आवाज, एकाच वेळी दोन कामं, मध्येच थांबवल्यावर परत कामाला लागणं, बोलण्यातला छुपा अर्थ, ऐकणारा कंटाळला हे ओळखणं, गोष्टीतल्या पात्रांचे हेतू, वर्गवार माहिती गोळा करणं, चेहऱ्यावरून मन ओळखणं. म्हणजे डिस्फोरियाची भेसळ इथे मोठ्या आवृत्तीपेक्षा बरीच कमी. गुण देताना मात्र हमखास चूक होते: १, ७, ८ आणि १० या विधानांना सहमतीवर गुण आहे, बाकीच्या सहांना असहमतीवर. रेषा ६ किंवा जास्त अशी आहे. इंग्लंडच्या नाइस या संस्थेच्या मार्गदर्शनात ती बरीच वर्षं ‘६ पेक्षा जास्त’ अशी छापलेली होती, २०२१ मध्ये दुरुस्त झाली. जुन्या छापील प्रती अजून फिरतात, आपल्या हातातली तपासून घ्या.

पण दहा विधानांवर फार भिस्त ठेवता येत नाही, हे गणितच सांगतं. मूळ अभ्यासात एक्यू-१० ने ऑटिस्टिक प्रौढांपैकी ८८ टक्के पकडले आणि ऑटिझम नसलेल्यांपैकी ९१ टक्क्यांना बरोबर वगळलं. आता क्लिनिकमध्ये शंभर जण आले आणि त्यांत ११ ऑटिस्टिक आहेत असं धरा. त्या ११ पैकी सुमारे १० जण रेषेच्या वर येतील. उरलेल्या ८९ पैकी ९ टक्के, म्हणजे ८ जणही वर येतील. रेषेच्या वरच्या अठरांपैकी आठ चुकीचे, आणि हे प्रयोगातले आदर्श आकडे धरून. चिंता आणि नैराश्य घेऊन आलेल्या लोकांत चित्र याहून वाईट होतं. ऑटिझमच्या निदानासाठी पाठवलेल्या प्रौढांवर २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधल्या अभ्यासात रेषेच्या खाली आलेल्यांपैकी ६४ टक्के प्रत्यक्षात ऑटिस्टिक निघाले. तेव्हा ‘गुण कमी आले, ऑटिझम नाही’ असं लिहून फाइल बंद करणं, ही चूक पहिल्या चुकीइतकीच गंभीर मानावी.

गुण कमी का येतात, याची या गटात दोन खास कारणं आहेत. एक, धोका ओळखण्याची सवय. रस्त्यात, लोकलमध्ये, वर्गात कोण आपल्याकडे कसं बघतंय हे सतत टिपत राहिलेल्या व्यक्तीने ‘चेहऱ्यावरून मन ओळखता येतं’ याला सहमती दिली, तर तिला राग आणि तिरस्कार ओळखता येतो एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. ‘समोरचा थट्टा करतोय की कौतुक, हे कळतं का?’ असं विचारलं की खरं चित्र दिसतं. दुसरं कारण मुखवट्याचं. वर्षानुवर्षं मुलासारखं किंवा मुलीसारखं वागण्याचा सराव केलेला माणूस बाकीचंही वागणं घोकून शिकलेला असतो. मुखवटा मोजायला २०१९ ची कॅट-क्यू ही २५ विधानांची प्रश्नावली आहे, गुण २५ ते १७५. मात्र आपण खरे नसून वठवत आहोत, या आशयाच्या विधानांवर आपण ट्रान्स आहोत हे अजून उघड न केलेली व्यक्ती भरभरून गुण मिळवणारच. काय लपवताय, हे विचारल्याशिवाय तो आकडा वाचू नये.

मराठीत वापरताना आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. मराठी क्रियापद लिंग मागतं. ‘मी लगेच ओळखतो/ओळखते’ अशा तिरप्या रेषेच्या ओळी पन्नास वेळा आल्या की डिस्फोरिया असलेल्या माणसाला पन्नास वेळा स्वतःचं लिंग निवडावं लागतं, आणि ते बहुतेकदा पालक शेजारी बसलेले असताना. काही जण कंटाळून मधली उत्तरं ठोकतात, काही अर्ध्यात सोडतात. उपाय सोपा आहे: विधानं ‘मला जमतं’, ‘माझ्या लक्षात येतं’, ‘मला आवडतं’ अशा रचनेत बसवा. जवळपास सगळी बसतात. ग्रंथालय-पार्टी, नाटक-संग्रहालय असल्या जोड्या मात्र मनाने बदलू नका, कारण बदललेल्या विधानांना मूळ रेषा लागू पडत नाहीत. विधान तसंच ठेवून तोंडी खुलासा करणं बरं. कोणी मराठीत वाचून दाखवत असेल, तर व्यक्तीला आधी विचारा की ‘करतो’ म्हणायचं की ‘करते’, आणि पालकांसमोर तेच चालेल का हेही विचारा.

किशोरवयीनांची आवृत्ती, १२ ते १५ वर्षांची, पालकांनी भरायची असते. ४ ते ११ ची सुद्धा. इथे आम्ही सावधच राहायला सांगू. मूल वर्षभर खोलीचं दार लावून बसलंय हे आई-वडिलांना दिसतं, कारण दिसत नाही. शिवाय ‘ऑटिझम निघाला म्हणजे हे ट्रान्सचं खूळ त्यातूनच आलंय’ अशी आशा धरून भरलेले कागद येतात, आणि ‘ऑटिझम निघाला तर उपचार थांबतील’ या भीतीने भरलेलेही. दोन्हींत पालकांची काळजी खरी असते, कागद मात्र बिघडतो. सोळा वर्षांवरच्यांनी प्रौढ आवृत्ती स्वतः, एकट्याने भरावी.

लहानपणाची माहिती मात्र पालकांकडूनच घ्यावी लागते, कारण ऑटिझमचं निदान बालपणातल्या खुणांशिवाय होत नाही. ती घेताना जेंडरचा विषय काढण्याची गरज नसते, आणि घरी माहीत नसेल तर तो काढता कामा नये. विचारायचं ते हे: पहिले शब्द कधी, हाक मारल्यावर वळून बघायचं का, बोट दाखवून वस्तू दाखवायचं का, गाड्या रांगेत लावणं किंवा चाकं फिरवत बसणं होतं का, मिक्सरच्या आवाजाला कान झाकायचं का, ठरावीकच पदार्थ खायचं का, शाळेची वाट बदलली तर काय व्हायचं. ‘मुलींमध्ये खेळायचा’ किंवा ‘फ्रॉक घालायला रडायची’ ही उत्तरं आपण न विचारता येतात. ती वेगळ्या कागदावर लिहा, ऑटिझमच्या हिशेबात धरू नका.

फ्रॉकवरून आठवलं, कपड्यांचा प्रश्न एक्यूमध्ये नाहीच, आणि ही तिची मोठी उणीव आहे. स्पर्श, प्रकाश, वास यांबद्दल पन्नासात जवळजवळ काही नाही, कारण ती बनली तेव्हा संवेदनांचा निकष निदानात नव्हता. तो २०१३ च्या डीएसएम-५ या अमेरिकी निदान-पुस्तिकेत आला. इथे ते विचारणं अत्यावश्यक आहे. ब्रा सहन होत नाही, यामागे इलॅस्टिकचा स्पर्श असू शकतो, छातीबद्दलची डिस्फोरिया असू शकते किंवा दोन्ही. मानेवरचं लेबल, मोज्याची शिवण, मनगटावरचं घड्याळ यांचाही तसाच त्रास होतो का, हे विचारा. होत असेल तर संवेदनांची बाजू आहे. त्रास शरीराच्या लिंगदर्शक भागांपुरताच असेल आणि आरशात पाहिल्यावर वाढत असेल, तर डिस्फोरिया. बाइंडर (छाती सपाट दिसावी म्हणून घालायचा घट्ट कपडा) वापरणाऱ्या ऑटिस्टिक व्यक्तीला घट्ट दाब सुखावू शकतो आणि शरीराच्या आतल्या खुणा, म्हणजे बरगडीतली कळ किंवा धाप, उशिरा कळू शकतात. ‘दुखलं की काढा’ हा सल्ला तिथे चालत नाही. आठ तासांचा गजर लावायला सांगा.

एडीएचडीसाठी एक्यू काहीच करत नाही. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने २००५ मध्ये आलेली एएसआरएस ही प्रौढांची प्रश्नावली वेगळी द्या: १८ प्रश्न, त्यातले पहिले सहा चाळणीचे, सहापैकी चार गडद चौकटीत पडले तर पुढची तपासणी. झोप उडालेली असेल किंवा नैराश्य असेल तर तेही लक्ष उडवतं, म्हणून बाराव्या वर्षाआधीच्या खुणा हव्यातच.

प्रमाणपत्रासाठी यातलं काहीही चालत नाही. दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी आपल्याकडे इसा ही ४० विधानांची भारतीय मोजपट्टी वापरतात. प्रत्येकाला १ ते ५ गुण, ७० च्या खाली ऑटिझम नाही, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यावर तीव्र. ती समोर दिसणाऱ्या वर्तनावर आधारलेली आहे. मुखवटा घालून नोकरी करणारी व्यक्ती तिच्यात बसेल, अशी अपेक्षा ठेवून कोणाला रांगेत उभं करू नका.

मग रेषेच्या वर गुण आले आणि मुलाखतीनेही दुजोरा दिला, तर काय करायचं? इथेच प्रश्नावलीचा सगळ्यात वाईट गैरवापर होतो. तिचा आकडा दाखवून हार्मोन किंवा नावबदलाचं पत्र अडवून धरलं जातं. २२ तज्ज्ञांच्या सहमतीतून आलेली स्ट्रँग आणि सहकाऱ्यांची मार्गदर्शक तत्त्वं किशोरवयीनांसाठी आहेत. ऑटिझम आहे एवढ्यावरून जेंडरची काळजी नाकारावी, असं ती सांगत नाहीत. वेळ जास्त द्यावा आणि पद्धत बदलावी, असं सांगतात. पद्धत बदलायची म्हणजे हे: ‘तुम्हाला कसं वाटतं?’ ऐवजी ‘आवाज बदलला तर काय बदलेल? दाढी आली तर?’ असे सुटे प्रश्न, उत्तर लिहून आणायची मुभा, परिणाम किती महिन्यांत दिसतो आणि कोणता परत फिरत नाही याचा लेखी तक्ता, रक्ततपासणीला सकाळची पहिली वेळ. टेस्टोस्टेरॉन जेलचा चिकटपणा काहींना अजिबात सोसत नाही, त्यामुळे ते लावणंच टळतं. इंजेक्शनचा पर्याय पहिल्याच भेटीत मोकळेपणाने ठेवावा. सुईची भीती असेल तर उलट.

अहवालात आकडा लिहायचाच असेल, तर एका ओळीत सगळं यावं: कोणती आवृत्ती, कोणत्या भाषेत, कोणी भरली, कोणती रेषा, पाच गटांचे सुटे गुण, आणि कोणत्या क्रमांकाची विधानं चर्चेनंतर बाजूला ठेवली. त्याची एक प्रत त्या व्यक्तीच्या हातात द्यावी, तिने सांगितलेल्या नावाने.